क्लेम पास झाला, पाइप मात्र जुनेच

कापूस वेचणीच्या हंगामात दारव्हा–यवतमाळ रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आल्याने माझी मोटारसायकल घसरून पुलियाच्या कठड्यावर आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडीचा हेडलाइट व पुढचे मडगार्ड फुटले, हँडल वाकले, रिमला मार बसला आणि पुढच्या शॉकअपचे पाइप मागे दबले. गाडी तिसऱ्या वर्षात होती आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू होता. हे मुद्दाम सांगतो, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो आणि त्यामुळे खेड्यापाड्यांत पुष्कळांचा समज असा असतो की पाच वर्षे गाडीची काळजी मिटली. प्रत्यक्षात त्या विम्यातून समोरच्याची भरपाई होते, आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

गाडी जिल्ह्यातल्या एका कार्यशाळेत नेली. तिथल्या माणसाने पहिल्याच भेटीत ‘पोलिसांचे कागद सांभाळून घेण्यासाठी’ म्हणून पाचशे रुपये घेतले. कोणालाही इजा झालेली नसताना अशा किरकोळ दुरुस्तीच्या दाव्याला पंचनामा सहसा लागतच नाही, हे मला नंतर विमा कंपनीकडूनच समजले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) फोटो काढले, दावा मंजूर झाला आणि काही दिवसांनी गाडी तयार असल्याचा फोन आला.

खरा प्रकार गाडी ताब्यात घेताना घडला. ‘‘भाऊ, कंपनीनं निम्मेच पास केले, आता आमी तरी काय करावं?’’ असे म्हणून साडेनऊ हजारांच्या बिलापैकी ४,७५० रुपये माझ्याकडून रोख घेण्यात आले. पावती म्हणून हाती आली ती कच्ची चिठ्ठी. पक्के बिल मागितले, तर ते कंपनीकडे गेल्याचे उत्तर मिळाले, आणि काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही झाल्याशिवाय किल्ली देण्यास नकार मिळाला.

त्यानंतर माझ्या मोबाइलवर विमा कंपनीचा संदेश आला. कार्यशाळेच्या खात्यात ७,२७५ रुपये जमा झाल्याचे त्यात लिहिले होते. (दाव्याच्या अर्जावर कार्यशाळेने आपल्याच माणसाचा मोबाइल क्रमांक भरला होता, पॉलिसीवर माझा क्रमांक नोंदलेला नसता, तर हा संदेश मला कधीच दिसला नसता.) मी कंपनीकडे ई-मेलने मंजुरीचा तपशील आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली, ती मिळाली, आणि हिशेब उघडा पडला.

हा हिशेब प्रत्येक गाडीमालकाला कळायला हवा, म्हणून थोडा विस्ताराने मांडतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबराच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, तर धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. दोन वर्षे पूर्ण होऊन तीन वर्षांच्या आत असलेल्या गाडीला तो १५ टक्के आहे. मजुरीवर घसारा नाही. शेवटी दुचाकीला १०० रुपयांची सक्तीची वजावट. माझ्या बिलात धातूचे भाग ५,५०० रुपयांचे, प्लॅस्टिकचे २,६०० रुपयांचे आणि मजुरी १,४०० रुपये होती. घसाऱ्याचे ८२५ व १,३०० आणि वजावटीचे १०० धरून माझा वाटा २,२२५ रुपये भरतो. त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम माझ्याकडून वसूल झाली होती. ‘निम्मेच पास’ हे वाक्य इतके खपते, कारण प्लॅस्टिकच्या बाबतीत ते खरे असते.

पैशांपेक्षा गंभीर बाब पुढची आहे. बिलात शॉकअपचे दोन्ही पाइप नवे लावल्याचे दाखवले होते, पण हँडल सरळ धरूनही गाडी डावीकडे ओढत होती. गावातल्या मिस्त्रीने पाइपवरचे रबरी आवरण खाली सारले. उजव्या पाइपवर, टीच्या (दोन्ही पाइप वर पकडून ठेवणाऱ्या भागाच्या) जरा खाली, मसुरीच्या डाळीएवढा गंजाचा डाग होता. तो मी गाडी धुताना अनेकदा पाहिलेला. मिस्त्रीने पाइपला लोखंडी पट्टी लावली, तेव्हा मधल्या भागात दोहोंच्या फटीतून उजेड दिसला. म्हणजे जुनेच पाइप प्रेसवर दाबून, सरळ केल्यासारखे भासवून पुन्हा बसवले होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर असा पाइप दगा देऊ शकतो, त्यामुळे याला मी केवळ लबाडी म्हणायला तयार नाही.

दाव्यामुळे माझी २५ टक्के ‘नो क्लेम बोनस’ची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलतही पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येणार आहे. नुकसान हजार-पंधराशेचे असेल, तर दावा न करणेच अनेकदा परवडते, असे माझे मत झाले आहे. दावा करायचाच असेल, तर बदललेले जुने भाग गाडी सोडवतानाच डोळ्यांनी पाहावेत आणि मंजुरीचा कागद हाती आल्याशिवाय फरकाची रक्कम देऊ नये.

मी प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. तिथे दाद न मिळाल्यास विमा नियामक प्राधिकरणाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक आहे. कार्यशाळेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. तक्रारीची कुणकुण लागताच कार्यशाळेने जादा घेतलेले पैसे परत देण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून मागितले. ते मी दिलेले नाही. कंपनीने गाडीची फेरतपासणी मान्य केली आहे, आणि ती होईपर्यंत पाइप बदलले तर पुरावाच नाहीसा होईल, म्हणून सध्या गाडी घरी उभी ठेवून मी एसटीने ये-जा करतो.