साखळीची बेडी की ताठ बेडी?

डिचोलीचा भाचा नुकताच पोलिसात लागला. विचारत होता, "मामा, कुठली बेडी बरी?"

साखळीच्या बेडीची घडी होऊन ती पट्ट्यावरच्या छोट्या पाकिटात मावते. पण झटापटीत एकच मनगट अडकलं, तर लोंबणारं लोखंड हत्यार होतं. ब्रिटिश पोलिसांत १९९०च्या दशकात ताठ बेडी आली, म्हणजे दोन कड्यांच्या मध्ये साखळीऐवजी न वाकणारी मूठ असलेली. तिची मधली मूठ धरली की एका मनगटावरूनही माणूस आवरतो. मात्र तोच जोर मनगटाच्या नसांवर येतो, म्हणून शिकल्याशिवाय ती वापरू नये. डबल लॉक दोन्हींत लावायचंच, नाहीतर कडी आवळत जाते. हे विसरलास तर मला फार वाईट वाटेल.

कळंगुटच्या रात्रीच्या गस्तीला ताठ. कोर्टात न्यायच्या शांत कैद्याला साखळी, तीही सुप्रीम कोर्टाने १९८०मध्ये बजावल्याप्रमाणे खरीच गरज असेल तर.