कार्यशाळा घ्यावी की बांधावर जावं? वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्याच्या पद्धतींची तुलना

जालन्यात किंवा लातूरला एखादी छोटी टीम सोयाबीनसाठी हाताने चालवायचं टोकण यंत्र, म्हणजे ठरावीक अंतरावर मातीत चोच रोवून बी टाकणारं यंत्र, बनवतेय असं धरू. नमुना तयार आहे, पैसा बेताचा आहे आणि पेरणी दोन महिन्यांवर आली आहे. वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला हवं, हे टीममध्ये सगळ्यांनाच पटलेलं असतं. घोडं अडतं ते कसं ऐकायचं इथे. गावात कार्यशाळा घ्यायची, एकेकाच्या शेतात जाऊन बघायचं, की फोनवर प्रश्न विचारून मोकळं व्हायचं?

फोनचा निकाल आधी लावून टाकू. किती जण पेरणीला ट्रॅक्टर भाड्याने घेतात, किती जणांकडे अजून बैलजोडी आहे, असं मोजायचं असेल तर फोन पुरतो आणि स्वस्तही पडतो. पण फोन उचलतो घरातला पुरुष, आणि टोकण करते बाई. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर ती भरणारेही ठरलेलेच असतात: शिकलेली पोरं, फार तर कृषी सेवा केंद्रवाला. त्यामुळे मोजणीपलीकडे या मार्गावर भरवसा ठेवू नये.

खरी निवड उरते ती कार्यशाळा आणि बांध यांच्यातली.

कार्यशाळेचं बळ एकाच गोष्टीत आहे, आणि ती मोठी आहे: तिथे मतभेद समोरासमोर येतात. पंधरा एकरवाला म्हणतो, एका फेरीत दोन ओळी पडल्या पाहिजेत. रोजाने टोकणीला जाणारी बाई म्हणते, मला हे उचलून बांध ओलांडता आलं पाहिजे. दोघांना वेगवेगळं भेटलात तर वहीत दोन्ही मागण्या लिहून आणाल आणि त्यांचा निवाडा ऑफिसात बसून स्वतःच कराल. दोघं एका सतरंजीवर असतील, तर ‘दुसरी ओळ हवी असेल तर वजन आणि किंमत दोन्ही वाढेल, मग काय सोडायचं?’ हा प्रश्न त्यांच्यातच टाकता येतो. ती घासाघीस ऐकणं हेच कार्यशाळेचं काम. हातात दोन-तीन पर्याय असतील आणि त्यातला एक ठरवायचा असेल, तर दुसरा कुठलाही मार्ग तिच्या जवळ येत नाही.

पण लोक प्रत्यक्ष काय करतात, हे हॉलमध्ये कळत नाही. पहिल्या पावसानंतरची काळी माती यंत्राच्या चोचीला कशी चिकटते, ती काढायला बाई दर चार पावलांनी कशी थांबते, हे फरशीवर दिसणार नाही आणि कुणी सांगणारही नाही, कारण माती चिकटणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही. सोयाबीनच्या बियाण्याचं साल पातळ असतं, यंत्रातल्या चकतीत ते दुखावलं की उगवण घटते. पण शेतकरी दोष देईल बियाण्याच्या कंपनीला. अशा गोष्टी शेतातच सापडतात. किती शेतं बघायची? वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांचा एक प्रसिद्ध हिशेब आहे: पाच जणांना वापरताना पाहिलं की वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी दिसून येतात. तो हिशेब मुळात संगणकाच्या पडद्यासाठी मांडलेला आहे आणि एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांना लागू होतो. परभणीतले पाच बागायतदार पाहिले म्हणजे बीडच्या डोंगराकडचा कोरडवाहू शेतकरी पाहिला असं होत नाही.

आता भिडेचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 2012 साली बंगळूरमध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना तंत्रज्ञानाचे दोन नमुने दाखवले होते. नमुने हुबेहूब सारखेच. पण त्यातला एक प्रश्न विचारणाऱ्यानेच बनवलाय असं वाटलं, की लोक सुमारे अडीचपट जास्त वेळा त्यालाच पसंती देत. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाष्या असेल, तर पाचपट. बंगळूरसारख्या शहरात ही गत, तर घरी आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारं आमचं गाव तुमच्या यंत्राला तोंडावर नावं कशाला ठेवेल?

कार्यशाळेत ही भीड कैक पटींनी वाढते. आपल्याकडे चार लोक जमले की त्याचा कार्यक्रम होतो: बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग सरपंचांचे दोन शब्द, ज्यात ते यंत्र ‘अतिशय उपयुक्त’ असल्याचं जाहीर करून टाकतात. त्यानंतर ‘मूठ हाताला बोचते’ म्हणायला कोण उठणार? बांधावर भीड असतेच, पण तिथे तोंडाकडे लक्ष न देता हाताकडे बघता येतं.

तरी इलाज आहेत. व्यासपीठ आणि सत्कार बंद. नमुने दोन ठेवा आणि आपला कोणता ते सांगू नका. चर्चा चालवायला टीमबाहेरचं माणूस घ्या, बचत गटातली एखादी बोलकी ताई उत्तम. बायकांची बैठक वेगळी घ्या, आधी घ्या. आणि चर्चेआधी प्रत्येकाचं मत गुपचूप नोंदवा. डील आणि श्ट्रेबे या संशोधकांनी 1987 मध्येच दाखवलं होतं की गटात बसून लोकांना कमी कल्पना सुचतात, तेवढेच लोक एकेकटे बसले तर जास्त. मुख्य कारण म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागणं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिंचोके वापरा. प्रत्येकी दहा द्या, आडोशाला दोन नमुन्यांचे दोन डबे ठेवा. ग्रामीण सहभागी मूल्यांकनात, म्हणजे गावकऱ्यांनाच सोबत घेऊन गावाचा अभ्यास करण्याच्या पद्धतीत, बियांनी गुण देण्याची ही रीत जुनी आहे.

खर्चाचा हिशेब मात्र बहुतेक टीम चुकीचा करतात. एका दिवसात तीस जण भेटले म्हणून कार्यशाळा स्वस्त वाटते. पण तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला साधारण चार तास लागतात, आणि दहा जण एकदम बोलत असतील तर कितीतरी जास्त. शिवाय मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तो भरून द्यायचा नसेल, तर समोर फक्त रिकामा वेळ असलेलेच येतील.

हंगामाचंही बघावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा भागात दसरा-दिवाळीनंतर बैठक ठेवली, तर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली कुटुंबं भेटणारच नाहीत. जूनमध्ये वाफसा आल्यावर तर कुणालाच बोलावू नये, आपणच जावं. वेळ असेल तर शेतीशाळेचा साचा या सगळ्याहून सरस आहे: तोच गट, तेच शेत, हंगामभर ठरावीक दिवसांनी भेट. 1989 मध्ये इंडोनेशियात भातावर सुरू झालेली ही पद्धत राज्य सरकारच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातून मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांना ओळखीची आहे. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत भीड उतरलेली असते.

एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर मी बांध निवडेन. पण वर धरलेल्या टीमकडे एप्रिल आहे, शेतं नांगरून पडलीत, बघायला टोकण कुठे चाललेली नाही. त्यांनी कार्यशाळाच घ्यावी, फक्त समाजमंदिरात नको. विहिरीला अजून पाणी असलेल्या एखाद्याचं दोन गुंठे रान आदल्या दिवशी भिजवून घ्यावं, दोन्ही नमुने तिथे ठेवावेत, आधी तासभर नुसतं चालवू द्यावं आणि मग बांधावरच्या लिंबाखाली बसून चिंचोके वाटावेत. जूनमध्ये त्यातल्याच पाच-सहा जणींच्या मागे खऱ्या पेरणीत फिरावं. निधी देणाऱ्या संस्थेला बॅनरसकट फोटो हवा असेल, तर तो कार्यक्रम वेगळा करावा आणि तिथे ऐकलेलं काहीही अहवालात ‘अभिप्राय’ म्हणून घालू नये.