सौर वादळाचा इशारा देणारं ॲप, वर्षभरानंतर: सगळं ठीक, पण घड्याळ कुणाचं?

मे २०२४ च्या वादळानंतर घेतलं. लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडं दिसल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि तिकडे अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनी मान टाकली होती. माझंही पोट आरटीके रोव्हरवर, म्हणजे जमीन मोजायच्या अगदी अचूक जीपीएस यंत्रावर. वर्षाचे ५९९ भरले. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला?

पहिले काही महिने मी चार जणांना घ्यायला लावलं. मग आला १० ऑक्टोबर. आदल्या दिवशी सूर्यावर स्फोट झालेला, ॲपने जी४ चा, म्हणजे पाचांपैकी चौथ्या पायरीच्या वादळाचा, इशाराही वेळेत दिला. १५ ते १८ वाजताचा चौकोन लालभडक. मी बरोबर तीनला मोजणी थांबवली, दोन्ही हेल्परना पूर्ण हजेरी देऊन घरी धाडलं. शेतमालक म्हणाला, "अहो, ऊन तर रोजच्यासारखंच आहे की!" सहापर्यंत रोव्हर बांधावर झकास फिक्स (पक्की जागा) दाखवत उभा. वादळ आलं रात्री पावणेनऊच्या सुमारास, मी जेवायला बसल्यावर.

कारण ते आकडे यूटीसीतले, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेतले! त्यांचे १५ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हे लिहिलंय कुठे, तर सेटिंगच्या तळाशी, राखाडी बारीक अक्षरात. साडेपाच तास मिळवायला काय लागतं हो? तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर, "आपला अभिप्राय मोलाचा आहे". माझे हजेरीचे सोळाशे गेले, ते मोलाचे नव्हते बहुतेक.

अंदाज चुकतो म्हणून मात्र मी कुणाला बोल लावणार नाही. सूर्याकडून सुटलेल्या ढगाचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलंय की नाही, यावर सगळा खेळ. ते नक्की कळतं १५ लाख किलोमीटरवरच्या यानापाशी ढग पोचल्यावरच. तिथून हातात उरतात पंधरा मिनिटं ते तासभर. वीजवाल्यांना तेवढंही सोन्यासारखं. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्युबेकचं अख्खं ग्रिड दीड मिनिटात बसलं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. आधी कळलं तर भार कमी करता येतो, देखभालीसाठी बंद ठेवलेल्या लाइन परत जोडता येतात. मला ट्रायपॉड मिटायला दहा मिनिटं पुरतात.

मार्चमध्ये मत परत बदललं. रस्त्याचं काम, ट्रॅफिकमुळे रात्री. ॲप हिरवंगार, केपी (चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा ० ते ९ चा आकडा) २, आणि रोव्हर आठ वाजल्यापासून फ्लोटवर, म्हणजे जागा पक्की होईना. अँटेनाची केबल बदलली, काही फरक नाही. नंतर कळलं की विषुववृत्ताच्या जवळपास सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, जीपीएसचे सिग्नल बिघडवणारे बुडबुडे उठतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. त्याला वादळ लागत नाही आणि केपीत ते दिसतही नाही. म्हणजे हे ॲप मुळात ध्रुवाकडच्या लोकांसाठी. केबलचे पैसेही गेले.

केपीचा तोच अंदाज अमेरिकेच्या सरकारी साइटवर फुकट मिळतो. तोही यूटीसीत, पण तिथे वर ठसठशीत तसं लिहिलेलं असतं. रोव्हरच्या पेटीवर मार्करने '+५:३०' लिहून ठेवलंय.

दोन तारे. काल मेसेज आला, आज रात्री बारापर्यंत रद्द केलं नाही तर पुढचे ५९९ आपोआप कापले जातील. बारा कुणाचे, हे विचारलंय. अजून उत्तर नाही.