हिंजवडीची पिकअप-ड्रॉप की अष्टविनायक? दोन गाड्या असतील तर

धाकट्या आतेभावाने दोन टेम्पो ट्रॅव्हलर घेतल्यात, हप्ते चालू झालेत आणि रोज रात्री फोन, दादा गाड्या हिंजवडीच्या कंपनीला पोरांच्या ने-आणीसाठी लावू का अष्टविनायकासारख्या ट्रिपांवर ठेवू. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, अजून कुणाच्या डोक्यात हेच चालू असेल तर वाचा.

कंपनीच्या कामाचं सुख म्हणजे महिन्याचं बिल ठरलेलं. पितृपक्ष असो नाहीतर धो धो पाऊस, पोरं ऑफिसला जाणारच. हे 'जाणारच' मार्च 2020 पर्यंत खरं होतं. लॉकडाऊन लागला आणि माझ्या गाड्या वडगावच्या प्लॉटवर उभ्या त्या उभ्याच, बॅटऱ्या गेल्या, एका गाडीत सीटखाली उंदरांनी संसार थाटला. आता ऑफिसं उघडलीत पण हायब्रीड, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून काम, मंगळवार ते गुरुवार गाडी फुल आणि शुक्रवारी सतरा सीटमध्ये तीन डोकी. त्यामुळे सही करायच्या आधी मिनिमम गॅरंटी बघा, म्हणजे गाडी रिकामी फिरली किंवा फिरलीच नाही तरी ठरलेल्या किलोमीटरचे पैसे मिळणार का. नसेल लिहिलेलं तर सोडा, ओळखीतलं काम असलं तरी.

दुसरं दुखणं पेमेंटचं. एका कंपनीने मला साडेतीन महिने फिरवलं आणि पंपावर डिझेल मात्र रोख. यावर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट करता येते, एजंटला पैसे चारू नका. आपण मायक्रो किंवा स्मॉलमध्ये बसत असलो तर करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. मुदत टाळून वर्ष संपेपर्यंत थकवलं तर तो खर्च कंपनीला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. हे एकदा अकाउंट्सवाल्याला मेलवर गोडीत आठवण करून दिलं की फाइल हलते.

आता ट्रिपा. अष्टविनायक घ्या, दोन दिवस, साडेसहाशे किलोमीटर धरा, दहाचं एव्हरेज म्हणजे 65 लिटर डिझेल, नव्वदने सहा हजाराच्या आत. वर टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, ओझरचा मुक्काम. पैसे आधी हातात येतात, उधारी नाही, मार्जिन पण कंपनीपेक्षा बरं. पण गिऱ्हाईक बदललंय. 75 च्या वरच्यांना 2022 पासून एसटी फुकट आणि बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. आमचं सहकारनगरचं एक भजनी मंडळ कधी वर्ष चुकवायचं नाही, त्यातल्या एक काकू तोंडावर म्हणाल्या, "तुमच्या एका सीटच्या पैशात आम्ही दोनदा जाऊन येतो की." राग आला पण हिशोब त्यांचा बरोबर होता.

मग सीट विकणं बंदच केलं आणि घरच्यांचे ग्रुप घ्यायला लागलो. दारातून पिकअप, शुगरवाल्यांना वेळेवर जेवण, लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या म्हणून डोलीवाल्याशी आधीच बोलणं, हे एसटी नाही करू शकत. पुढच्या वर्षी त्याच काकूंनी सासूबाईंसाठी चौदा जणांची अख्खी गाडी केली. भाव केला नाही असं नाही, केलाच.

टॅक्सचं थोडक्यात. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची, आणि 5 टक्के जीएसटीवाल्या स्कीममध्ये असेल तर प्रायव्हेट लिमिटेडला लावलेल्या गाडीचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीच भरते. पॅकेजवरचे 5 टक्के मात्र आपण घ्यायचे, आपण भरायचे, हॉटेलच्या बिलावर भरलेला जीएसटी त्यातून वजा करून घ्यायचं (क्रेडिट) विसरा.

माझं मत विचाराल तर एक गाडी कंपनीला, तीही गॅरंटी असेल तरच, आणि दुसरी ट्रिपांवर. पहिलीने हप्ते निघतील, नफा दुसरीच्या जिवावर. फक्त कंपनीची गाडी शनिवार-रविवार ट्रिपला काढायचा मोह नको, आठवडाभर नाईट शिफ्ट केलेला ड्रायव्हर घाटात डुलक्या घेतो, मी शेजारी बसून बघितलंय.

काल भाऊ म्हणतो तिसरी घेऊ का, सप्टेंबर 2025 पासून नव्या गाडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांचा 18 झालाय, शोरूमवाला मागे लागलाय. म्हटलं दिवाळी आणि मे सोडून बाकीचे महिने ती उभी कुठे करणार ते आधी सांग. तर म्हणे तुझ्या वडगावच्या प्लॉटवर.