ब्युरोची बाई की सेंटर? आधी रात्रीचं बघा

आमच्या सासूबाईंना अल्झायमर. दोन वर्षं घरी ब्युरोची (रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई ठेवून सांभाळलं, आता दहा महिने त्या अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या सेंटरला आहेत, दोन्ही करून झालंय म्हणून लिहितेय. "सेंटर म्हणजे टाकूनच दिलं की" म्हणणारे नातेवाईक सोडून द्या, त्यातला एकही रात्री दोनला उठायला येत नाही.

पैशाचं आधी. बारा तासांची बाई आम्हाला दिवसाला ८०० पडायची म्हणजे महिन्याचे २४ हजार, वर चहा-जेवण आपलं. सेंटरचे ४५ हजार, डिपॉझिट, डायपर, औषधं वेगळी. ऐकायला घर स्वस्त, पण बाई संध्याकाळी सातला जाते आणि या आजारात खरा गोंधळ तेव्हाच सुरू होतो, दिवेलागण झाली की सासूबाई पर्स काखोटीला मारून दारात, "मला घरी सोड, आई वाट बघत असेल". डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. मग रात्रीची दुसरी बाई लावली की झाले ४८ हजार, आणि गणपतीत दोघीही गावाला! (७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान कार्ड आहे ना, असं बरेच जण विचारतात, ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर, बाईच्या पगाराला नाही.)

घराचा फायदा मात्र खरा आहे. सासूबाई माझं नाव विसरल्या होत्या पण मेथीची जुडी पुढ्यात ठेवली की पानं बरोबर खुडायच्या. जागा बदलली की अशा माणसाचा गोंधळ वाढतो, सेंटरला पहिले तीन आठवडे त्या धड जेवल्या नाहीत आणि आम्ही दोघं घरी भांडत होतो की परत आणायचं का. त्यामुळे सुरुवातीच्या काळात घरच बरं असं माझं मत.

सेंटरला काय मिळालं तर बंद गेट आणि न चिडणारी माणसं. आम्ही "आई, तुमची आई जाऊन तीस वर्षं झाली" असं सांगायचो आणि त्या दर वेळी आत्ताच कळल्यासारख्या रडायच्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, आधी चहा घेऊ, मग निघू." झालं, विसरल्या. हे घरी फुकटात जमलं असतं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सेंटर बघायला सकाळी अकराला जाऊ नका, न सांगता संध्याकाळी सहानंतर जा. आम्ही बघितलेल्या एका ठिकाणी सगळे टीव्हीपुढे ओळीत बसवलेले आणि लघवीचा वास जिन्यापर्यंत. रात्री किती माणसं असतात, कुणाला बांधून ठेवतात का, हे तोंडावर विचारा.

डे केअर, म्हणजे दिवसा सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं असं सेंटर, जवळ असेल तर मधला मार्ग चांगला, आमच्या भागात नव्हतं.

आणि काहीही ठरवलं तरी बँकेचं, म्हणजे त्यांच्या खात्याचे व्यवहार कोण करणार हे, आधी बघा. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, माणसाची समज गेली की कायद्याने ते संपतं, मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. काहीच सुचेना तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.

सासूबाई पहिल्यांदा पार रिक्षा स्टँडवर सापडल्या त्या दिवशी आम्ही सेंटर शोधायला लागलो. सहा महिने आधी शोधायला हवं होतं, बऱ्या ठिकाणी वेटिंग असतं.