छप्पर, गोठा, विहीर आणि माळ: पैसे कशात घालायचे?

माझा मेहुणा खटाव तालुक्यात असतो. स्लॅबचं घर, चार एकर रान, विहिरीवर पाच एचपीची मोटर, दोन म्हशी, दोन गाई आणि वर डोंगराच्या अंगाला दीड एकर माळ, ज्यात कुसळाशिवाय काही येत नाही. दिवाळीत त्याने विषय काढला. "दाजी, दीड लाख बाजूला पडलेत. सोलर घेऊ, गोबरगॅस दुरुस्त करू, का ती छोटी पवनचक्की बघू?" पुष्कळ घरांत हाच हिशेब चालू असतो, म्हणून आमचं बोलणं इथे मांडतो.

मी त्याला पहिल्यांदा बिल विचारलं नाही. लाईटची अडचण कुठल्या वेळी होते, ते विचारलं. ऊन दिवसा मिळतं, वारा पावसाळ्यात, शेण रोज सकाळी. आपल्या गरजांनाही वेळा आहेत. या वेळा जुळतात का, हे आधी बघायचं. किंमत नंतर.

छपरापासून सुरुवात केली, कारण तिथलं गणित सरळ आहे. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला साधारण १२०. जागा लागते शंभरेक चौरस फूट, तीही सावली नसलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे, एकूण ७८,०००. त्याच्या पुढे कितीही मोठी सिस्टीम घ्या, अनुदान तेवढंच. एजंट मंडळी सरसकट तीन किलोवॉट गळ्यात मारतात ते या आकड्यामुळे. मेहुण्याच्या घराला महिन्याला १३०-१४० युनिट लागतात. त्याला एक किलोवॉट जवळपास पुरतं. तीनचं घेतलं तर उरलेली युनिट वर्षअखेरीस फार कमी दराने हिशेबात धरली जातात, म्हणजे स्वतःच्या पैशाने दुसऱ्याला स्वस्त वीज. पुढे इंडक्शन शेगडी किंवा बॅटरीची स्कूटर घरात येणार असेल तर दोनचा विचार करावा. ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आतच असतं त्यांनी घाई करू नये. त्यांचा दर आधीच कमी, पैसे वसूल व्हायला वर्षं जातात.

"मग लाईट गेली तरी घरात उजेड?" या प्रश्नावर मला त्याचा हिरमोड करावा लागला. नेट मीटरची, म्हणजे उरलेली वीज लाईनमध्ये सोडून नंतर परत घेणारी साधी सिस्टीम, लाईन गेली की आपणहून बंद पडते. खांबावर वायरमन काम करत असताना आपल्या छपरावरची वीज लाईनमध्ये शिरू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाईट गेल्यावरही चालू राहायला बॅटरी लागते आणि खर्च भराभर वाढतो. चार दिवे, दोन पंखे आणि वायफाय एवढंच चालवायचं असेल तर जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचं वेगळं सर्किट परवडतं.

नेट मीटर म्हणजे बँक, असं सगळे सांगतात. पण दुपारी भरलेलं युनिट तेव्हाच दुसरं कुणी तरी वापरतं. संध्याकाळी सात वाजता आपल्याला परत मिळतं ते कोळशाचं असतं, नाहीतर कोयनेचं. संध्याकाळी एकदम भार वाढतो तेव्हा १,९६० मेगावॉटची कोयना काही मिनिटांत उभी राहते, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. पण कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटप लवादाने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, त्यामुळे ते पाणी राखून वापरावं लागतं. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तिथे वीज मुबलक असताना पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातले आहेत, आणि त्यांच्या वाटेत जंगलं आहेत. पाण्याची वीज स्वच्छ म्हणताना कोयनेच्या विस्थापितांना विसरता येत नाही. एकूण संध्याकाळची वीज अशी मोजूनमापून मिळते, तेव्हा नेट मीटरचे आजचे नियम पंचवीस वर्षं तसेच राहतील असं धरून कर्ज काढू नये.

विहिरीची गोष्ट निराळी निघाली. मेहुण्याला हवा होता सौर पंप. मी विचारलं, "मोटरचं बिल किती भरतोस?" तो हसला. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याने मोफत वीज दिली आहे, मार्च २०२९ पर्यंत. म्हणजे पैशाची बचत शून्य. त्याचं दुखणं आहे रातपाळी. आठवडाभर रात्री लाईट, मग थंडीत, सापाकिरड्यात बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. हे थांबायचं तर शेतीच्या फीडरलाच (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे येणाऱ्या लाईनलाच) दिवसा सौर वीज मिळायला हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. आपला फीडर तिच्यात आहे का आणि काम कुठवर आलंय, एवढं उपकेंद्रात जाऊन विचारायला काही पैसे पडत नाहीत. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, मेहुण्याची जोडणी तर जुनी.

मेहुण्याच्या चुलतभावाचं मात्र जमतं. त्याचं ओढ्यापलीकडे दोन एकर, विहीर आहे, जोडणी नाही. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी मिळतो, १० टक्के हिस्सा भरायचा (अनुसूचित जाती-जमातींना ५), म्हणजे वीस-पंचवीस हजार. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच. पंप सकाळी नऊच्या सुमारास जोर धरतो, चारला मंदावतो. आभाळ भरून आलं की पाणी कमी, पण तेव्हा पिकालाही फारसं लागत नसतं. गरजेची आणि उन्हाची वेळ इतकी जुळलेली दुसरी जागा मला दिसत नाही. पाणी खूप खोल गेलेलं असेल तर मात्र ३ एचपीकडून आशा ठेवू नये.

पवनचक्कीवर आम्ही पाच मिनिटंच घालवली. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग अर्धा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाचं पातं सेकंदाला चार मीटरच्या वाऱ्यात फार तर ३५ वॉट देईल, म्हणजे बाहेरच्या वाऱ्यावर घरातला कमी विजेचा एक पंखा फिरेल. वनकुसवडे, चाळकेवाडी, साक्रीजवळचं ब्राह्मणवेल इथल्या मोठ्या चक्क्या उंच पठारांवर आहेत आणि त्यांची खरी कमाई जून ते सप्टेंबरची, जेव्हा सोलर मंदावतं. राज्याला ती जोडी हवीच. घराच्या गच्चीवर नको.

माळाला भाडं मिळू शकतं. सौर कृषी वाहिनीच्या पॅनेलना जागा दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. पण एका मेगावॉटला चारेक एकर लागतात, जागा उपकेंद्राजवळ हवी, आणि नुसतं दीड एकर कुणी घेत नाही. शेजारी एकत्र आले तर बोलणी करावीत, आणि करार भाड्याचाच असावा, खरेदीखताचा नसावा.

गोबरगॅसवर वाद झाला. चार जनावरं बांधून असतील तर दिवसाला पन्नास किलो शेण मिळतं. त्यातून दोन घनमीटर गॅस, म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका. थंडीत कमी धरला तरी पाच माणसांचा स्वयंपाक होतो, आणि चूल पेटवायच्या वेळेला गॅस हजर असतो. वर स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेलं पातळ शेणखत मिळतं, जे मला गॅसापेक्षाही मोलाचं वाटतं. मग इतके संच बंद का पडले? गॅस साठवणाऱ्या घुमटाला चीर गेली की ती बुजवणारा गवंडी मिळत नाही, पाइपात पाणी साचतं, शेगडी गंजते. शेणाइतकंच पाणी रोज लागतं, आणि खटावात एप्रिल-मेमध्ये पन्नास लिटर पाणी ही चैन आहे. पण खरं कारण वहिनींनी आतून सांगितलं: "शेण कालवायचं कुणी?" निर्णय ओसरीवर होतो आणि हात बाईचे बरबटतात. देहूचे डॉ. मापुसकर शौचालयाला जोडलेले गॅस संच आयुष्यभर बांधत राहिले, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. शौचालय जोडायचंही मी सुचवून बघितलं. मेहुण्याने तोंड वाकडं केलं, तो विषय तिथेच मिटला.

शेवटी ठरलं ते असं: एक किलोवॉट छपरावर, अनुदान वजा जाता चाळीसेक हजारांत, घुमटाची दुरुस्ती, बाकीचे पैसे बँकेत, फीडरचं काय होतं ते कळेपर्यंत. दुरुस्तीला वहिनींची अट होती की शेण कालवणं एक दिवसाआड त्याने करायचं. पॅनेलची जागा मात्र बदलावी लागली. परड्यातल्या निंबाची सावली डिसेंबरात तीननंतर अर्ध्या स्लॅबवर येते, हे दिवाळीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.