रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? दोन्ही .32च

साध्या परवान्यावर 9 एमएम मिळत नाही, म्हणून नागपुरात परवाना हाती आला की निवड बहुतेकदा .32 बोअरमध्येच (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) होते.

पिस्तूल चपटं, शर्टाखाली कळत नाही, गोळ्याही जास्त. पण गोळी फुसकी निघाली तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे खेचावीच लागते. बाबांच्या सांधे धरलेल्या बोटांना दुकानातच ते जमेना. त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि मला तेच योग्य वाटतं. गोळ्या सहाच, पण चाप पुन्हा दाबला की गोळ्या भरलेलं गोल सिलिंडर फिरून पुढची गोळी समोर येते. वजन नको असेल तर निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आहे, साधारण 500 ग्रॅमचं.

गोळ्या घेताना मात्र जपा. दोन्हींवर .32 लिहिलेलं असलं तरी रिव्हॉल्व्हरची गोळी लांब असते. एकाची दुसऱ्यात घालू नका.